सात वर्षांची जाळी

छबुबाई सोमवारी सकाळी न्हाणीतून बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात शेगडीची जाळी होती आणि ती चमकत होती. ओट्यावर चहा पीत बसलेल्या त्यांच्या मुलाला, म्हणजे बंकटरावांना, आधी वाटलं की आईनं कुठून तरी नवीच जाळी पैदा केली. मग त्यांनी नीट पाहिलं. कोपऱ्यातला टवका उडालेला गज ओळखीचा होता. बशीतला चहा बशीतच राहिला.

"माय, ही कालची जाळी हाय का?"

"मग काय आजची? रातभर सोड्याच्या पाण्यात भिजू घातल्ती. इटकरीच्या चुऱ्यानं घासली, वरून चिंच लावली. खांदे भरून आले, पर निघालं सगळं."

"अगं, तुला काल सांगितलं न्हवतं का मी, जाळीला हात लावू नको म्हणून? पाव्हण्यांनी बजावून सांगितलंय, घासायची न्हाई."

"सांगितलं की," छबुबाई म्हणाल्या. "म्हणून तर घासली."

बंकटरावांनी कपाळाला हात लावला. हात लावण्याजोगंच कारण होतं. जाळी अंबाजोगाईच्या सुंदररावांची होती, आणि सुंदररावांची मुलगी सायली बंकटरावांच्या घरी सून म्हणून यायची होती. केजच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला असलेल्या बंकटरावांच्या मुलाला, रामला, ती पसंत होती आणि विशेष म्हणजे तिलाही राम पसंत होता. उंची जुळली होती, शिक्षण जुळलं होतं. आता फक्त सुंदररावांचं मन जुळायचं बाकी होतं.

सुंदरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभी नोकरी त्यांनी शेतकऱ्यांना "कालव्याचं दार उघडू नका" असं सांगण्यात घालवली आणि शेतकऱ्यांनी उभी नोकरी त्यांच्यामागं कालव्याचं दार उघडण्यात घालवली. त्यामुळं मुलीसाठी स्थळ बघताना त्यांनी ना जमीन विचारली ना घर. "मला एकच गोष्ट बघायची आहे, बंकटराव," ते पहिल्याच भेटीत म्हणाले होते. "सांगितलेलं ऐकणारी माणसं पाहिजेत. बाकी सगळं नंतर येतं."

निवृत्तीनंतर त्यांना एकच नाद लागला होता, निखाऱ्यावर कोंबडी भाजायचा. त्यासाठी त्यांनी चार पायांची पत्र्याची शेगडी आणि तिच्यावर ठेवायची बिडाची जाळी आणली होती. रविवारी दोन्ही घरांनी एकत्र जेवावं असं ठरलं, तर ते शेगडी गाडीच्या डिकीत घालून थेट युसूफ वडगावला बंकटरावांच्या शेतात आले. आंब्याखाली ती मांडली, पोटाला फडकं बांधलं आणि कुणालाही चिमट्याला हात लावू न देता दोन कोंबड्या भाजल्या. जेवताना ते दुसऱ्या भाकरीलाच "बास, पोट भरलं" म्हणाले. बंकटरावांनी रीतीप्रमाणं तिसरी वाढली. ते ताटावर आडवे हात धरून "नाही, खरंच नको" म्हणाले, बंकटरावांनी हात बाजूला करून चौथी वाढली. त्यांनी दोन्ही खाल्ल्या. त्यांची बायको सत्यशीलाबाई मात्र थोडंच जेवल्या आणि मग उठून गोठा, ओटा, पाण्याची जागा असं सगळं गुमान बघत फिरल्या. पितळी घागरीवरून त्यांनी एक बोटही फिरवून पाहिलं.

निघताना शेगडी डिकीत घालायची वेळ आली तेव्हा त्याच पुढं झाल्या. "जाळी अजून गरम आहे. नव्या गाडीत नको. शेगडीसकट राहू द्या इथंच, ही मंडळी पुढच्या रविवारी येतील तेव्हा आणतील." सुंदररावांचा जीव खालीवर झाला, पण गाडी खरोखरच नवी होती. त्यांनी बंकटरावांना बाजूला घेतलं आणि बोट वर करून सांगितलं की ह्या जाळीवर सात वर्षांचं काळं बसलंय, त्यानंच कोंबडी चिकटत नाही आणि चव येते, तेव्हा तिला पाणी लावायचं नाही, साबण लावायचा नाही आणि घासायची तर मुळीच नाही. हे त्यांनी तीनदा सांगितलं. "रविवारी जाळी घेऊन या," ते गाडीत बसता बसता म्हणाले, "मग सुपारी फोडू."

हे सगळं बंकटरावांनी आईला आता पुन्हा एकदा ऐकवलं. छबुबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, आणि ह्या घरातून परक्याचं भांडं खरकटं किंवा रिकामं परत गेलं असं त्यांच्या हयातीत एकदाही झालं नव्हतं.

"त्यो पाव्हणा हाय," त्या म्हणाल्या. "पाव्हणा 'घासून द्या' म्हनंल का? त्यो नकोच म्हननार. काल त्यो बास बास करीत हुता, तवा तूच दोन भाकरी वाढल्या का न्हाई? खाल्ल्या का न्हाई त्यानं?"

भाकरी बंकटरावांनीच वाढल्या होत्या.

बंकटरावांची बायको अंजनाबाई म्हणाल्या की फोन करा आणि खरं सांगून मोकळे व्हा, घासली ती काही कुणी वाईट मनानं घासली नाही. बंकटरावांनाही ते पटलं. त्यांनी फोन लावला. पण पलीकडून नमस्काराच्याही आधी आवाज आला, "जाळी कशी आहे?"

"हाय की," बंकटराव म्हणाले.

"पाणी नाही ना लागलं?"

"न्हाई न्हाई," बंकटरावांच्या तोंडून निघून गेलं. बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. पलीकडं सुंदरराव भरून पावले. आपण कालच बायकोला म्हणालो, ही माणसं ऐकणारी आहेत, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. आता खरं सांगायचं म्हणजे जाळीचं आणि शिवाय फोनचंही सांगावं लागणार होतं. बंकटरावांनी मोबाईल खिशात घातला आणि जाळी पुन्हा काळी करायची, असं ठरवून टाकलं.

मंगळवारी सकाळी त्यांना वाटलं देवच मदतीला धावला, कारण जाळीचा रंग रातोरात बदलला होता. जवळ जाऊन पाहिलं तर ती काळी नव्हे, तांबडी झाली होती. बिडाला पाणी लागलं, तेल लागलं नाही, सगळीकडून गंज चढला. छबुबाईंनी तेवढ्या तत्परतेनं विटकर हातात घेतली, पण अंजनाबाईंनी ती त्यांच्या हातून काढून घेतली. मग बंकटरावांनी चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाची काजळी खरवडून तेलात कालवली आणि जाळीला चोपडली. जाळी काळी झाली, त्याबरोबर त्यांचे हात, धोतराचा सोगा, मिशीचं एक टोक आणि दाराची कडीही काळी झाली. दुपारी फडक्यानं पुसून पाहिलं तर जाळी सोडून बाकी सगळं काळं राहिलं होतं. ट्रॅक्टरचं जळकं ऑईल लावावं, असंही त्यांच्या मनात आलं. अंजनाबाईंनी फक्त विचारलं की व्याह्यांना ऑईल पाजून वरात काढायची की तिरडी. तो बेत तिथंच राहिला.

गल्लीत आप्पाराव आचारी राहत. पंचक्रोशीतल्या लग्नाचा स्वयंपाक तीस वर्षं त्यांच्या हातचा. बंकटरावांचे काळे हात बघून ते चौकशीला आले आणि सगळी हकीकत काढून घेऊनच बसले. जाळी त्यांनी उलटीपालटी केली, नखानं टकटक वाजवली.

"बिडाला त्याल पाजावं लागतंय," ते म्हणाले. "करडीचं. पातळ हात फिरवायचा, कडक जाळ करायचा आन् वरून कायतरी भाजायचं. त्येचं त्याल बी आत मुरतंय. असं एक डाव केलं की जरासं काळं धरतंय."

"आसं किती डाव करायचं?"

"त्येंनी सात वर्षं केलं. तुमच्याकडं किती दिस हायेत?"

"चार."

आप्पारावांनी डोळे मिटून हिशोब केला. दिवसातून चार वेळा पेटवली, तर काहीतरी तोंड दाखवण्यासारखं होईल, असं त्यांचं मत पडलं. हे काम आपल्याशिवाय कुणाला जमणार नाही, असंही मत त्यांनी न विचारता दिलं.

बुधवारी सकाळपासून बंकटरावांच्या अंगणात जाळ सुरू झाला. बुधवार म्हणून कोंबडी चालली. गुरुवारी दत्ताचा वार, शनिवारी मारुतीचा, त्यामुळं ते दोन दिवस वांगी, कांदे, मिरच्या आणि रताळी. सकाळी भरीत, दुपारी भाजलेलं वांगं, संध्याकाळी वांग्याचं आणखी काहीतरी. घरातली वांगी संपली तशी शेजारची आली, आणि वांग्यांबरोबर शेजारीही आले. आप्पाराव एखाद्या सर्जनसारखे हात पुढं करत, कुणीतरी त्यावर तेलाचं फडकं ठेवी. शुक्रवारी पुन्हा कोंबडीचा दिवस आला तेव्हा तर लोकांनी आपापल्या कोंबड्या मसाला लावून आणल्या. बंकटरावांनी ढाबा टाकला, अशी बातमी गावात झाली. राम केजला एका म्हशीला सलाईन लावत असताना त्याला धारूरकडच्या कुणा अनोळखी माणसाचा फोन आला, फॅमिलीसाठी बसायची वेगळी सोय आहे का म्हणून.

बंकटराव रोज संध्याकाळी जाळी उजेडात धरून बघत आणि रोज ती थोडी अधिक काळी दिसे. छबुबाई मात्र चारही दिवस शेगडीकडं पाठ करून बसल्या. त्यांनी खांदे भरेस्तोवर घासलेली वस्तू त्यांच्या डोळ्यांदेखत सगळा गाव मिळून घाण करत होता, आणि वर त्याला मेहनत म्हणत होता. शनिवारी संध्याकाळी रामनं मागच्या रविवारी काढलेला फोटो मोबाईलवर लावला आणि जाळीशेजारी धरला. एकोणीस-वीसचा फरक होता. आप्पारावांनी तर उलट सांगितलं की ही वीस आहे आणि फोटोतली एकोणीस.

रविवारी बंकटराव, अंजनाबाई, छबुबाई आणि राम अंबाजोगाईला निघाले. भांडं रिकामं जाऊ नये म्हणून छबुबाईंनी शेगडीत धपाट्यांचा डबा ठेवला होता. तेवढंच काय ते त्यांचं ऐकलं गेलं होतं.

सुंदररावांनी दारातच जाळी मागितली. मांडीवर घेऊन त्यांनी तिच्यावरून बोटं फिरवली, वास घेतला, डोळे मिटले. "वा," सुंदरराव म्हणाले. "बंकटराव, आज माझी खात्री पटली. जशी दिली तशी आणलीत." ती त्यांनी मागच्या अंगणात नेऊन शेगडीवर ठेवली. परत येऊन सोफ्यावर ऐसपैस बसले आणि तारखांच्या गोष्टी काढल्या. बंकटरावांची आठ दिवसांत प्रथमच नीट पाठ टेकली. हात धुऊन येतो म्हणून ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी बेसिनपाशी गेले. आत सत्यशीलाबाई बोलत होत्या.

"खरं सांगू का, अंजनाताई, जाळी त्या दिवशी गरम नव्हतीच. मीच गरम म्हणाले. तुमच्या सासूबाईंची, ह्या मावशींची, घागर बघितली मी शेतात, तिच्यात तोंड दिसत होतं. म्हटलं, ही जाळी एकदा ह्यांच्या हातून सुटून तुमच्या घरात राहिली, की मावशींच्या हातून घासल्याशिवाय सुटणार नाही. सात वर्षं हे मला हात लावू देत नाहीत. घरात ठेवायची मला किळस वाटते." त्या थांबल्या. "तर आठ दिवस राहून ती गेली त्याहून काळी होऊन आली. एका जाळीचं काय एवढं, पण मुलगी द्यायची म्हटल्यावर मन शंका घेतं. मी ह्यांना सांगणार आहे, सुपारीची घाई नको."

बंकटरावांनी नळ सुरूच ठेवला. आता खरं सांगितलं तर सत्यशीलाबाई खूश होतील आणि बाहेर सोफ्यावरचा माणूस उठून उभा राहील. नाही सांगितलं तर सोफ्यावरचा खूश राहील आणि सुपारी लांबेल. आतून अंजनाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. बंकटरावांनी मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नाही.

आत अंजनाबाईंशेजारी बसलेल्या छबुबाई उठल्या. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

"पोरी," त्या सत्यशीलाबाईंना म्हणाल्या, "घरात एखादी इटकर हाय का? आन् मूठभर चिंच?"

सत्यशीलाबाईंनी फक्त एक क्षण त्यांच्याकडं पाहिलं आणि मग चिंचेची बरणीच काढली. विटकर अंगणात कुंडीखाली होती. मागचं दार उघडून दोघी बाहेर पडल्या. बंकटरावांना नुसतं "माय, थांब" एवढं म्हणता आलं असतं. त्यांनी ते गिळलं, मागचं दार आपल्या हातानं ओढून घेतलं आणि बाहेर येऊन सुंदररावांच्या अशा बाजूला बसले की उठायचं तर त्यांना ओलांडूनच उठावं लागावं.

"सुंदरराव," ते म्हणाले, "मला येक इचारायचं हुतं. जाळीवर येवढं काळं बसवलं कसं तुमी?"

हा प्रश्न सात वर्षांत सुंदररावांना कुणीही विचारला नव्हता. त्यांनी मांडी घातली. पहिल्या वर्षी त्यांनी सूर्यफुलाचं तेल वापरलं होतं आणि ती चूक होती. दुसऱ्या वर्षी कोळसा बदलला. तिसऱ्या वर्षी एका पाहुण्यानं जाळी ओल्या फडक्यानं पुसली होती, त्याच्याशी त्यांनी अजून बोलणं ठेवलं नव्हतं. मागून खरड खरड असा एकसारखा आवाज येत होता.

"कसला हो आवाज?" चौथ्या वर्षाशी सुंदरराव थांबले.

"शेजारी बांधकाम असंल," बंकटराव म्हणाले. "मग चौथ्या वर्षी काय झालं?"

"हो, ह्या कॉलनीत चालूच असतं," सुंदरराव म्हणाले आणि पाचव्या वर्षाकडं वळले. राम मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसला होता, त्याचे खांदे हलत होते. सातव्या वर्षातला श्रावण संपता संपता आवाज थांबला. बंकटरावांनी टोपी सारखी केली.

छबुबाई पदराला हात पुसत आल्या. मागं सत्यशीलाबाई होत्या, त्यांच्या एका हातात सुपारी-नारळाचं ताट होतं आणि दुसऱ्या हातात जाळी. खिडकीतून आलेलं ऊन जाळीवर पडलं आणि छतावर चौकटी उमटल्या. सुंदररावांनी आधी छताकडं पाहिलं.

"मावशी," ते कसेबसे म्हणाले. "सात वर्षं. सात वर्षं होती ती."

"न्हाई बा, लई निबर न्हवतं," छबुबाई म्हणाल्या. "अर्ध्या घंट्यात निघालं. पयल्या डावाला लई जीव घेतला हुता, पर आज..."

अंजनाबाईंना जोराचा ठसका लागला. त्यांना पाणी द्यावं लागलं, पाठ चोळावी लागली, आणि तेवढ्या गडबडीत ते वाक्य कुठं गेलं ते कुणालाच कळलं नाही. सुंदररावांच्या मनात एकच गोष्ट उरली होती. आपली सात वर्षं अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं अर्ध्या तासात घालवली. त्यांनी बायकोकडं पाहिलं. सत्यशीलाबाई जाळीत स्वतःचं तोंड बघत होत्या आणि लग्नाआधीच्या फोटोत दिसतात तशा दिसत होत्या.

"मी म्हणते, सुपारी आजच फोडू," त्या म्हणाल्या. "असं घर शोधून मिळायचं नाही."

सुंदररावांनी जाळीवरची नजर काढली. समोर मुलीची आजेसासू उभी होती, चिंचेनं पांढरे पडलेले हात पुढं करून.

"राहू द्या, मावशी," ते म्हणाले. "काही हरकत नाही. उलट बरंच झालं. मलाही ती घासायचीच होती." शेतात ताटावर आडवे हात धरून "खरंच नको" म्हणताना त्यांचा चेहरा असाच झाला होता, हे बंकटरावांच्या लक्षात आलं.

सुपारी फुटली. तारीख निघाली. सायलीनं सगळ्यांना पेढे दिले आणि बापाला दोन दिले. निरोप घ्यायला गाडीपाशी आल्यावर सुंदररावांनी बंकटरावांचा हात धरला. "मी म्हणालो होतो ना, मला ऐकणारं घर पाहिजे."

"ऐकलं की," बंकटराव म्हणाले. "तुमच्याच घरातल्या माणसाचं ऐकलं."

सुंदररावांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. "आता पुन्हा सात वर्षं लागतील," ते हळूच म्हणाले. बंकटरावांच्या अगदी जिभेवर आलं होतं, की आप्पाराव आणि करडीचं तेल मिळालं तर चार दिवस पुरतात. त्यांना ह्या माणसाची खरोखर दया आली. पण त्यांनी नुसताच हात दाबला आणि गाडीत बसले.

गाडी केजच्या रस्त्याला लागली. मग मागच्या सीटवरून छबुबाईंनी मुलाच्या खांद्यावर बोट टोचलं.

"बग, मी सांगत न्हवते का? त्यो निस्ता वरवर नको म्हनत हुता. घासल्यावर कसा खूश झाला."

"व्हय, माय," बंकटराव म्हणाले.